दोन मण मिरची आणि एक कूलर

माझा पगार चांगला आहे, ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

नंदुरबारला एका सरकारी कचेरीत मी लोकांची पगारबिलं तपासतो. कुणाचा भत्ता चुकला, कुणाची वेतनवाढ राहिली, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. माझा स्वतःचा पगार मात्र खात्यात येतो आणि विसरवाडीच्या फाट्यावर एसटी थांबते तेवढा वेळ थांबतो. घराचा हप्ता उतरतो, दोन्ही मुलींच्या क्लासची फी उतरते, गाडीचा विमा उतरतो आणि गाडी रिकामी पुढे! त्यात गावाकडची लग्नं. आमच्याकडे मांडवात आहेर माइकवरून पुकारतात. शेतकरी काका शंभराची नोट देतात तेव्हा पुकारणारा नुसतं नाव घेतो. माझी पाळी आली की मात्र, "आपले नोकरवाले भाऊसाहेब यांच्याकडून...!" असं म्हणून तो थांबतो. सगळा मांडव माझ्याकडे बघतो. त्या थांबण्याची किंमत मला दर वेळी पाचशे रुपये पडते.

तर या वर्षी होळी झाली आणि आमचा कूलर गेला. गेला म्हणजे काय, मोटार खर्रर्र करून बंद पडली, टाकीला भोक पडलं आणि पाणी थेट सोफ्याखाली. नंदुरबारचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी काढला नाही, त्यांनी काढू नये.

"अहो," नयना म्हणाली, "आखाजीच्या आत कूलर आला नाही, तर मी पोरींना घेऊन माहेरी जाईन आणि शाळा उघडेपर्यंत येणार नाही. भरतकडे एसी आहे."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आणि नयना माझी बायको. भरत तिचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव सीमेपलीकडे, गुजरातमध्ये, निझरच्या बाजूला. भरत केळी लावतो. त्याला ना पगार, ना पेन्शन, ना महागाई भत्ता. आणि त्याच्याकडे एसी! मी कायम नोकरीतला माणूस, आणि माझी बायको उन्हाळा काढायला शेतकऱ्याकडे जाणार! हे मला फार लागलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिशात पगाराची स्लिप घालून मी कूलरच्या दुकानात गेलो. हप्त्यावर घ्यायचा होता. दुकानदारानं स्लिप पाहिली, मग मला पाहिलं.

"साहेब, येवढा पगार! तुम्ही हप्ते करता? चेष्टा करता का गरिबाची?"

आता इथे शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा रे, कर हप्ते. पण दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती.

"छे छे! रोखच घेणार," मी म्हणालो. "नुसतं विचारत होतो. पुढच्या आठवड्यात येतो."

आणि स्लिप खिशात घालून परत आलो.

पैसे उभे करायचे कसे? पण मी हिशेबातला माणूस! संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात योजना तयार होती. वर्षाची मिरची भरायचे दिवस होते. कॉलनीतल्या सगळ्या घरांना मिरची लागतेच. माझा शाळेतला दोस्त दगडू तापीकाठी मिरची पिकवतो. त्याच्याकडून सुकी मिरची सरळ घरी आणायची, कॉलनीला बाजारापेक्षा स्वस्तात द्यायची आणि मधे जे सुटेल त्यात कूलर. लोकही खूश, दगडूही खूश, मीही गार! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी गच्चीवर दोन फेऱ्या मारून आलो.

नयनानं घरोघर विचारून ऑर्डरी आणल्या, आगाऊ पैसेही आणले. कुणी चार किलो, कुणी पाच किलो.

"सगळी मिळून किती झाली ग?" मी विचारलं. (बेरीज मी ऑफिसात करतो. घरी करत नाही.)

तिनं पोळी लाटता लाटता बोटं मोजली. "दोन मणात आरामात भागेल."

मी लगेच दगडूला फोन लावला.

"बोल भो! आज साहेबले मन्ही याद कशी ऊनी?"

"दगडू, सुकी मिरची पाहिजे. दोन मण."

"दोन मन?" (आमच्या अहिराणीत 'ण' नाहीच म्हटलं तरी चालेल. मण काय आणि मन काय, तोंडातून एकच निघतं.) "इतली काय करशीन रे?"

"कॉलनीला वाटायचीये. आणि वजनात हात आखडू नको हं. मन मोठं ठेव!"

"मन्हं मन मोठंच शे भो!" दगडू म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी टेम्पो दारात आला. एक पोतं उतरलं. दुसरं उतरलं. मी कौतुकानं बघत होतो. तिसरं उतरलं तेव्हा थोडा मागे सरकलो. चौथं उतरलं तेव्हा बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाचवं मुलींच्या अभ्यासाच्या टेबलावर गेलं आणि धाकटीला शिंका सुरू झाल्या. नयना आतून पदर नाकाला लावूनच बाहेर आली.

"अहो, हे काय? मी दोन मण सांगितलं होतं!"

"मग? दोनच मण आहे. ऐंशी किलो. मोजून घे!"

"ऐंशी?" ती किंचाळली. "दोन मण म्हणजे चाळीस किलो!"

"अगं, मण म्हणजे चाळीस किलो. दोन मण म्हणजे ऐंशी. पहिलीतलं पोरगं सांगेल!"

"कुठल्या गावचं पोरगं? आमच्याकडे मण वीस किलोचा! माझ्या बापानं जन्मभर कापूस वीसच्या मणानं विकला!"

टेम्पोवाला खाली बसून हे सगळं ऐकत होता. तो मध्येच म्हणाला, "ताईनं बरोबर शे साहेब. गुजरातमा वीसनाच मन." थोड्या वेळानं म्हणाला, "तुमनं बी बरोबर शे."

लग्नाला पंधरा वर्षं झाली. एका सीमेवरून आम्ही रोज भांडतो. कढीत साखर घालायची की नाही, यावर तर आजही एकमत नाही. पण आमच्या दोघांचे मण वेगळे आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"परत पाठवा अर्धी," नयना म्हणाली. "सरळ सांगा दगडूभाऊंना, चूक झाली."

बरोबर होतं तिचं. मी फोन लावला. "दगडू, अरे ती मिरची जरा..."

"का रे, जास्ती व्हयनी का? पैसानी अडचण शे का? ऱ्हाऊ दे मंग, दिवाळीले देजो."

आता बघा. माणूस स्वतःहून सोडत होता! मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण 'अडचण' हा शब्द कानात गेला आणि मांडवातला तो माइक आठवला.

"अडचण? मला?" मी हसलो. "दगडू, काय बोलतोस! थांब, आत्ता टाकतो पैसे."

आणि टाकले की! कॉलनीचे आगाऊ पैसे आणि वर कूलरच्या पहिल्या हप्त्यासाठी ठेवलेले, घरखर्चाचे, सगळे. फोनवर टुण्ण वाजलं. नयना माझ्याकडे बघत राहिली. मग पोती ओलांडत आत गेली.

कॉलनीची चाळीस किलो दोन दिवसांत गेली. उरलेली चाळीस गच्चीवर ऊन द्यायला पसरली. मग वारा सुटला! शेजारच्या कमलकाकू नाकाला टॉवेल लावून खालून ओरडल्या, "भाऊसाहेब, हाई काय मांडी ठेयेल शे? मन्हं नाक वाही ऱ्हायनं!" समोरच्या घरी पोरीला पाहायला पाहुणे आले होते. पोरगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळी मंडळी रडत होती. (लग्न जमलं. मुलाकडच्यांना वाटलं, किती हळवं घर आहे.)

मी मिरची ऑफिसात विकायला काढली. ज्या गावात मिरची मार्केटच्या बाजूनं रिक्षा गेली तरी डोळ्यांत पाणी येतं, त्या गावात मी मिरचीला गिऱ्हाईक शोधत होतो! प्रत्येकाचा मामा, मेहुणा, नाहीतर साडू मिरचीवाला. तरी सगळ्यांनी प्रेमानं मूठमूठ 'चवीला' नेली. एकजण म्हणाला, "साहेब, येवढा पगार असून तुम्ही साइड बिझनेस करता? कमाल आहे तुमची!" मी 'आवड म्हणून' असं काहीतरी सांगितलं.

घरी तर मिरचीच मिरची. ठेचा, मिरचीची भाजी, तिखट घातलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. धाकटी एक दिवस दुधाचा पेला समोर धरून म्हणाली, "पप्पा, यात नाही ना?"

बघता बघता आखाजी आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आमचे मुऱ्हाळी भरतशेठ पांढऱ्या नव्या गाडीतून उतरले. अंगावर घामाचा थेंब नाही. आत आले, पंख्याखाली बसले, वर पंख्याकडे पाहिलं आणि रुमाल काढला. तो रुमाल मला आहेराच्या माइकपेक्षा जास्त लागला.

जेवताना त्यानं ठेच्याचा एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"जिजाजी, मिरची एकदम सरस छे! कुठून आणली?"

"खास आपली आहे," मी म्हणालो. माझ्या अंगात वारं शिरलं. "पाहिजे का?"

"एक मण आपी दो. रोख पैसे देतो."

एक मण! गच्चीवर जवळजवळ तेवढीच तर उरली होती! म्हणजे मिरची संपली, पैसे आले, कूलर आला, नयनाला थांबवता आलं! मी ताट सोडून उठलो आणि गच्चीवर पळालो. सगळी मिरची दोन पोत्यांत सारखी भरली, दोन्ही पोती एकट्यानं पाठीवर घेऊन खाली आणली, गाडीच्या डिकीशी ठेवली आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, "घे भरत. तुझा एक मण!"

भरतनं एक पोतं उचललं, डिकीत ठेवलं, डिकी बंद केली.

"अरे, आणि हे दुसरं?"

"ते कुणाचं?" भरत म्हणाला. "मी तर एकच मण सांगितला."

नयना गाडीत बसता बसता इतकी हसली की तिला दरवाजा धरावा लागला. माझ्या आयुष्यात मण दोनदाच आला. घेताना चाळीसचा आला आणि विकताना वीसचा झाला!

भरतचे पैसे हातात होते. त्यात कूलर काय, कूलरचं गवतसुद्धा आलं नसतं. एवढ्यात गाडी निघतेय म्हणून कमलकाकू बाहेर आल्या. उरलेल्या पोत्याकडे बघायचीही मला इच्छा नव्हती. मी त्यातून पिशवीभर मिरची काढली आणि त्यांच्या हातात कोंबली.

"किती द्यायचे?"

"काही नको काकू, घ्या. आखाजी आहे!"

काकू गहिवरल्या. गाडीच्या खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "नयना, तुन्हा नवरानं मन भलतं मोठं शे व! नोकरवाला मानूसनं मन मोठंच रास!"

"हो ना काकू," नयना म्हणाली. "चांगलं चाळीस किलोचं!"

आणि तिनं काच वर केली. आत एसी चालू होता.

मुली काचेमागून हात हलवत होत्या. मीही हलवत होतो, पण ऊन असं होतं की डोळ्यांपुढे अंधारी आली. काहीतरी हाताशी असावं म्हणून खिसा चाचपला. दुकानात नेलेली पगाराची स्लिप अजून तिथेच होती. ती काढली, दुमडली आणि गाडी वळेपर्यंत तोंडावर वारा घेत उभा राहिलो.

पगार चांगला आहे. वारा बरा लागतो.