येतो म्हणावं

कॉलेज सुटल्यावर मी जुन्या जालन्यातल्या एका बियाणे दुकानाच्या वेबसाइटचं काम करते. शेजारच्या खुर्चीवरचे काका तिच्या यंत्रानं केलेल्या मराठी भाषांतरातल्या चुका काढतात. प्रत्येक ओळ ते मोठ्यानं वाचतात आणि पडद्याकडं कान देऊन थांबतात, जणू तिकडून कोणी उत्तर देणार आहे.

वेबसाइटमधून बाहेर पडायच्या बटणावर यंत्रानं ‘जातो’ लिहिलं होतं. काका चिडले. “निघताना जातो म्हणत्यात का, पोरी? येतो म्हणावं.” स्वतःही ते रोज ‘येतो’ म्हणत आणि मी ‘या’ म्हटल्याशिवाय दार सोडत नसत.

त्यांनी शब्द बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘जातो’. असं रोजच होऊ लागलं.

“जुनी प्रत अडकली असेल, काका.”

“न्हाई. हे कुणाला तरी बोलवून राह्यलंय,” ते म्हणाले. हसले नाहीत.

काल निघताना ते दारात थांबले. “जातो, पोरी.”

मी दचकून वर पाहिलं, तोवर ते जिना उतरले होते.

आज खुर्ची रिकामी आहे. फोन लागत नाही. बटणावर मात्र ‘येतो’ आहे, आणि मी ते बदललेलं नाही.

“या, काका,” मी पडद्याला म्हणाले, आणि त्यांच्यासारखाच कान देऊन थांबले.