गुडघ्याची गोळी

आमचा कुत्रा माझ्या आधीपासून या घरात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो वर्ष-दीड वर्षाचा होता, आणि मी टाकलेली भाकरी तो खात नसे. सासूबाईंनी तीच भाकरी उचलून परत त्याच्यापुढे टाकली की मग खायचा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या हसायच्या. "त्याला वाटतंय पाव्हनी हाय. दोन दिसानी जाईल." पंधरा दिवस हे असं चाललं. मग एक दिवस त्याने माझ्या हातची भाकरी घेतली, आणि त्या दिवशी मला बरं वाटलं ते अजून लक्षात आहे. त्याला नाव कुणी ठेवलं नाही. यू यू केलं की यायचा. आता ऐकायला कमी येतं म्हणून मुलगी ताट वाजवून बोलावते.

आमची वस्ती पारनेरच्या अलीकडे माळावर आहे. घर, गोठा, कांद्याची चाळ, पुढे वाटाण्याचं रान. घरात आत्या, हे, मी आणि दोन लेकरं. मोठी मुलगी दुसरीला आहे. धाकटा तीन वर्षांचा.

गेल्या थंडीत कुत्र्याचे मागचे पाय धरले. उठताना आधी पुढचे दोन पाय रोवायचा, मग मागचं अंग ओढत आणायचा. आत्यांचेही गुडघे गेलेले आहेत. सकाळी दोघं ओट्यापुढच्या उन्हात बसायची, त्या बाजेवर, तो पोत्यावर. ऊन सरकलं की दोघांनाही सरकावं लागायचं, आणि उठताना दोघांचं कण्हणं सारखंच. धाकटा त्यांची नक्कल करायचा. गुडघ्यावर हात ठेवून "आई आई गं" म्हणायचा, मग चार पायांवर होऊन पुन्हा तेच. आत्या म्हणायच्या, "कर बाबा, कर. तुला आजून लई येळ हाय."

आत्यांच्या बोटांत जोर राहिला नाही, त्यामुळे गोळी पाकिटातून निघत नाही. ते काम मोठीचं. शाळेत जायच्या आधी ती गोळी काढून आजीच्या तळहातावर ठेवते, तांब्या पुढे करते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. "आ कर. जीभ वर कर." आत्या मुकाट्याने जीभ वर करतात. घरात त्या एवढं दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाहीत.

अशाच एका सकाळी कुत्रा उठायला गेला आणि मागच्या मागे बसला. आत्यांनी गोळी गिळली आणि म्हणाल्या, "त्यालाबी दे गं एक. त्याचं नि माझं दुखनं एकच हाय." आम्ही सगळे हसलो. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, मीही हसले.

त्यानंतर तीन दिवसांनी कुत्रा एका दमात उठला. यांच्या मोटारसायकलमागे फाटकापर्यंत गेला आणि परत आला. लंगडत, पण आला. घरात जो तो आपलंच सांगायला लागला. आत्या म्हणाल्या, "करंजाच्या तेलाचा गुन हाय. मी रोज चोळती." हे म्हणाले, "तेलानं काय हुतंय? मी त्याला अंडं घालतोय." हे अंडं घालतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मीही मनात म्हटलं, मी विटकरीने शेकते त्याचा फरक असेल. मोठीला विचारलं, "तू काय केलं गं?" तर "मी काय न्हाई" म्हणाली आणि दप्तर घेऊन पळाली. ते तीन दिवस फार चांगले गेले. धाकटा त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपायचा आणि कुत्रा ते चालवून घ्यायचा.

मग एका दिवसात सगळं उलटलं. सकाळी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. नुसतं पाणी पीत होता आणि पाणी उलटून टाकत होता. दुपारी पाहिलं तर काळी, डांबरासारखी घाण. संध्याकाळी मान उचलेना. यांनी त्याला बघितलं आणि सरळ बांधाकडे गेले.

बांधापलीकडे यांच्या चुलतभावाचं घर आहे. त्यांच्या कोंबडीवरून मागे एकदा कुत्र्याचं नाव निघालं होतं, आणि त्यांनी चाळीत उंदराचं औषध ठेवलेलं आम्हाला माहीत होतं. हे बांधावरूनच ओरडले, "मुक्या जिवाला मारतो व्हय रं?"

तिकडून आवाज आला, "आरं, माझं औषध आढ्याला टांगलंय! तुझं कुत्रं शिडी चढतं का? त्याला पायरी चढता येईना!"

"मग काय हवा खाऊन पडलं का ते?"

"मला काय म्हाईत? मी काय त्याचा सैपाकी हाय?"

आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. हे परत आले तेव्हा कानशिलं लाल झाली होती. सकाळी पारनेरला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. एकट्याला गाडीवर नेता येणार नाही, म्हणून मी मागे बसायचं.

सकाळी मोठी शाळेत जाईना. पोट दुखतं म्हणाली. तिला गोठ्यामागे नेऊन पोट दाबून पाहिलं, तर ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "मम्मी, आजीबी मरंल का?"

"आजीला काय झालंय?"

"तीबी तीच गोळी खाती."

मला समजायला थोडा वेळ लागला. तिने दप्तरातून कंपास काढला. त्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं, चांदीसारखं दिसतं म्हणून ती ते जपून ठेवते. रोज आजीला एक आणि कुत्र्याला एक. सहा दिवस. आजीने सांगितलं म्हणून. चौथ्या दिवशी तो पळाला तेव्हा तिला वाटलं, आता पूर्ण बरा झाला की मग सगळ्यांना सांगू.

"पप्पाला सांगू नको," ती म्हणाली. "मीच मारलं म्हनतील."

मी म्हटलं, "न्हाई सांगत." पाकीट मात्र पदराच्या गाठीत बांधून घेतलं.

कुत्र्याला आत्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन मी गाडीवर बसले. त्याचं वजन किती कमी झालं होतं ते मांडीवर घेतल्यावर कळलं. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी ओळखीचे लोक होते. एकाने विचारलं, "काय दादा, कुत्रं सासरी घालवायला चाललात का?" एरवी हे हसले असते. त्या दिवशी म्हणाले, "विष घातलंय त्याला. भावकीनं." ही गोष्ट आता दुपारपर्यंत गावात जाणार, हे मला कळत होतं. यांचा कान माझ्या तोंडापासून वीतभर होता. सगळा रस्ता माझ्या हातात होता आणि मी एक शब्द बोलले नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. दुकानात गेले तरी मोठीला पुढे करते, ती मागते, मी पिशवी धरते. घरात यांच्याशी बोलते, पण हे रागात असले की तेही जमत नाही. मोठीला दिलेला शब्द हे एक कारण होतं. खरं कारण माझी भीती होती.

दवाखान्याच्या पडवीत शेळ्या घेऊन आलेले तिघं-चौघं होते. डॉक्टरांनी कुत्र्याला टेबलावर घेतलं, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. "काय खाल्लं याने?"

"उंदराचं औषध," हे म्हणाले.

"खाताना बघितलं?"

"बघायला कशाला पायजे? शेजारी ठेवलेलं हाय."

डॉक्टर म्हणाले, "त्याचं इंजेक्शन वेगळं असतं. नक्की तेच आहे ना? याच्या अंगात आता फार काही उरलेलं नाही. चुकीच्या बाजूला गेलो तर हा संध्याकाळ बघणार नाही."

हे म्हणाले, "नक्की."

कुत्रा माझ्याकडे बघतही नव्हता, त्याचे डोळे अर्धे मिटले होते. मी पदराची गाठ सोडायला लागले. ती सुटेना. दाताने सोडली आणि ते रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"आईच्या गुडघ्याची गोळी हाय ती," हे म्हणाले. "हिनं कशाला आनली?"

"मी देत हुते त्याला," मी म्हटलं. "रोज सकाळी एक. सा दिवस."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेळीवाल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "घ्या! घरातच डॉक्टर हाय, अन् आमी उगा हितं रांग लावतोय." बाकीचे हसले. डॉक्टर हसले नाहीत. पाकीट उजेडात धरून त्यांनी नाव वाचलं. "अहो ताई, माणसाची ही गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते. दुखणं थांबतं, कुत्रं पळायला लागतं, आणि आत रक्त जात राहतं." मग इंजेक्शनची दुसरी बाटली घेत म्हणाले, "पण सांगितलं ते बरं केलं. मी भलतीकडेच निघालो होतो. आता तीन दिवस बघू. तिसऱ्या दिवशी पोटात काही ठरलं तर वाचेल."

सलाईन लावलं. बाटली टांगायचा खिळा निखळला होता, म्हणून ती मी हात वर करून धरून उभी राहिले. हे बाहेर जाऊन बसले.

परत येताना यांनी फाटा ओलांडला. मग म्हणाले, "तू सोता डोकं दुखलं तरी गोळी घ्यायच्या आधी मला तीनदा इचारती. अन् कुत्र्याला सा दिवस गोळ्या घातल्या, न इचारता?" मी कुत्र्यावरचं लुगडं सारखं केलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

घरी मात्र आत्यांनी मला धरलं. "आगं, शानी का खुळी तू? माझी गोळी कुत्र्याला! लेकराची आई झाली, एवढं कळंना? जीव गेला आस्ता त्याचा." मी कुत्र्याला पोत्यावर ठेवत होते. खाली मान घालून ऐकत होते, खोटं बोलले होते तर ऐकायलाच हवं होतं. मोठी शाळेला गेलीच नव्हती. ती दाराला चिकटून उभी होती. आत्यांचं संपत नव्हतं.

"आजी," ती मधेच म्हणाली, "तूच म्हनली हुतीस."

"मी? मी काय म्हनले?"

"त्यालाबी दे एक. त्याचं नि तुझं दुखनं एकच हाय. म्हनून मी दिली. मम्मीनं न्हाई दिली."

आत्यांचा हात हवेतच राहिला. हळूहळू त्यांना आठवलं असावं. त्या बाजेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. हे पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता हे ओरडतील. मोठीलाही तेच वाटलं, ती माझ्यामागे आली.

यांनी विचारलं, "कशात घालून देत हुती?"

"भाकरीत. गूळ लावून."

"खायचा?"

"आधी नुस्ता गूळ चाटायचा. मग मी तोंड दाबून धरायची. मग आ करून बघायची, गेली का."

यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला दिसलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे माझ्या अंड्याचं काय नव्हतंच त्यात." मग तिला जवळ बोलावून म्हणाले, "चांगलं करायचं म्हनून केलं ना? पुढच्या येळी आमाला सांगून कर. आमालाबी कळू दे." ती त्यांच्या मांडीवर बसून खूप रडली.

पुढचे दोन दिवस हे रोज त्याला सलाईनला नेऊन आणत होते, मी मागे बसून. भाताची पेज करायला सांगितली होती. ती पाजायचं काम आत्यांनी घेतलं. गुडघे दुखतात तरी पोत्याशेजारी खाली बसायच्या आणि बोट पेजेत बुडवून त्याच्या ओठांना लावायच्या. "चाट रं बाबा. माझ्या तोंडाला हाडच न्हाई, तू मनावर घिऊ नको." पहिल्या दिवशी त्याने चाटलं नाही. दुसऱ्या दिवशी चाटलं आणि उलटून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत असताना आत्यांनी हाक मारली. वाटी रिकामी होती. दुपारपर्यंत आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. पेज पोटात राहिली.

हे रोज बांधाच्या दिशेने बघायचे आणि गोठ्यात जायचे. चूक कळली होती, पण तिकडे जाणं यांना जमत नव्हतं. पाचव्या दिवशी चुलत दीरच फाटकातून आत आले. "वहिनी, जगलं का कुत्रं? का माझ्या नावानं अजून मरायलंय?"

कुत्रा पोत्यावर पडला होता. त्याने मान उचलली, पुढचे पाय रोवून अर्धा बसला आणि भुंकला. एकदाच, घोगरं. आजारी पडल्यापासून त्याचा आवाज ऐकला नव्हता. धाकटा टाळ्या वाजवायला लागला. मोठी धावत दिरांपाशी गेली. "काका, मागं जा अन् परत या."

"मला काय खुळा समजली का गं?"

"जा ना हो काका!"

ते फाटकाबाहेर गेले आणि पुन्हा आत आले. कुत्रा पुन्हा भुंकला. आत्या बाजेवरून म्हणाल्या, "आजून एकदा ये रं," आणि ते खरंच गेले. हे गोठ्याच्या दारात उभे राहून बघत होते.

तिसऱ्यांदा कुत्र्याने नुसती शेपटी आपटली. दीर म्हणाले, "झालं. वळखलं मला." मग यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बस. चहा घे." एवढंच बोलले. दीर ओट्यावर बसले, आणि मी चहा ठेवायला आत गेले.