मंदाचा डबा

आमची मंदा कुठल्याही यंत्राला आधी उलटा हात लावून बघायची. लहान मुलाचा ताप बघतात तसा. मिक्सर असो, टीव्ही असो, शेजारच्यांचा पंखा असो. हाताची मागची बाजू टेकवायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. "ह्याला हवा लागत नाही." नाहीतर, "हा बरा आहे, तुम्हीच उगाच बोंबलताय." लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कुणाचं काही बिघडलं तर दुकानात न्यायच्या आधी मंदाला दाखवायचे. दुकानवाल्याला राग यायचा. मला पण यायचा, कारण माझं जेवण थांबायचं.

लग्न होऊन आली तेव्हा ती मॅट्रिक होती आणि मी चौथी. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, मीच सारखा दाखवायचो. मी गिरणीत होतो. गिरणी बंद पडली तशी ती वडाळ्याला एका छोट्या कारखान्यात लागली. तिथे बायका ओळीने बसून रेडिओच्या आतल्या तारा सोल्डर करून जोडायच्या. घर तिनेच चालवलं. मी पुढे शीवला एका बिल्डिंगीत वॉचमन झालो, पण ते बरंच नंतर. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे डाग होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. मूलबाळ आम्हाला नव्हतं. त्यावर लोक बोलले, आम्ही दोघं नाही बोललो.

आता डब्याचं सांगतो.

आमचं चाळीत भजनी मंडळ होतं. दाजी बुवा गायचे, मृदंग माझ्याकडे. दर शनिवारी आमच्याच खोलीत बसायचो, कारण चहा मंदाचा. मी टेपरेकॉर्डर लावून ठेवायचो. अशा एकतीस कॅसेट जमल्या होत्या. दाजी गेले, एकेक करून बाकीचे गेले, कुणी गावी गेला तो तिथेच राहिला. मंडळातला मी एकटा उरलो आणि त्या कॅसेट उरल्या. एके दिवशी लावली तर दाजींचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा आला. मंदाने कॅसेट काढली, खिडकीत धरली. पट्टीवर पांढरी बुरशी.

माझ्याशी ती मालवणीतच बोलायची. म्हणाली, "अवो, ह्यो वर्षभर पण टिकूचो नाय. काय तरी करूक होया."

मी म्हटलं, "राहू दे. माणसं गेली, आवाज ठेवून काय करायचंय?"

ती बोलली नाही की समजायचं, तिचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात ती लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एक पांढरा डबा घेऊन आली. हाताच्या पंजात मावेल एवढा, जुना. घराघरात इंटरनेट वाटतो तो डबा. कुणीतरी टाकून दिलेला, वजनावर मिळाला असेल. मी म्हटलं, "ह्याच्यातून दाजी गाणार?" ती म्हणाली, "गातले. पण आधी ह्याच्या डोक्यातला काढून दुसरा घालूक होया."

शिकली कुठे, तर फोनवर. कुणी परदेशातला माणूस इंग्रजीत काहीतरी बडबडतोय आणि ही चष्मा लावून बसलीय. मी विचारलं, तुला काय कळतंय? म्हणाली, "तोंडाकडे कित्याक बघू? तो हातान काय करता ता बघूचा." कारखान्यात पण ती असंच शिकली होती. तिथली मुकादमीण गुजराती बोलायची. इंग्रजी अक्षरं ती वहीत रांगोळीचे ठिपके काढावे तशी उतरवून घ्यायची. म्हणायची, एक ठिपको चुकलो की सगळी रांगोळी पुसूची.

एका दुपारी ती डब्यात नवीन काहीतरी भरत होती. मला काही बोलली नव्हती. मग ते भरत ठेवून ती मोरीत गेली आणि मी बाजाराला निघालो. बाहेर पडताना विजेची मेन बंद करायची, ही माझी गिरणीतली सवय. ही मोरीत आहे एवढंही लक्षात राहिलं नाही. परत आलो तर ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. उलटा हात लावला होता.

"मेन कोणी बंद केल्यान?"

"मी. नेहमीच करतो."

"थंड पडलो," ती म्हणाली. "अर्ध्यात जीव गेलो त्येचो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी जाऊन तसलाच दुसरा डबा घेऊन आली, आणि मेनच्या स्विचवर कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून. "मेनला हात लावायचा नाही. मंदा."

दुसरा डबा जगला. त्याच्या एका भोकाला चार भोकं करणारा तुकडा लावला. एका भोकात गाण्यांचा पेनड्राइव्ह. दुसऱ्या भोकात बोटाएवढी काडी, त्यातून आवाज बाहेर निघायचा, तो आमच्या जुन्या टीव्हीच्या स्पीकरमध्ये. फोनवर बोट ठेवलं की गाणं सुरू. आणि गंमत अशी, की शेजारच्या खोलीतल्या गावडेवहिनी आपल्या घरात भाकऱ्या थापता थापता आमच्याकडे चाललेलं गाणं त्यांच्या फोनवर ऐकायच्या. वहिनी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मंदाची जोडी त्यांच्याशीच. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बायकोने रेडिओ स्टेशन काढलंय." मी म्हटलं, "बिल मला येतं."

कॅसेट फोनमध्ये भरायचं काम मात्र तिला जड गेलं. पहिली कॅसेट तिने फोन टेपच्या समोर ठेवून भरली. ते रेकॉर्डिंग बिघडलं. घरातले सगळे आवाज आत आले म्हणाली. मग कुठूनशी वायर आणली, टेपच्या भोकातून फोनमध्ये, आणि तीच कॅसेट परत भरली. नंतर बाकीच्या तीस. रोज एक. भरली की पेनड्राइव्हवर टाकायची आणि फोनमधली पुसायची, कारण फोन भरायचा.

सगळं झाल्यावर तिने मला बसवून ऐकवलं. दाजींचा आवाज असा स्वच्छ आला, की मी मांडीवर ठेका धरला. शेवटच्या भैरवीला दाजी सूर लावून धरतात, आणि तो संपतो न संपतो तोच मागून मंदाची हाक. तरुण मंदा. "घेवा रे चाय, निवतली."

दुसरी लावली. भैरवी, आणि चाय. तिसरी. तेच.

मी म्हटलं, "मंदे, हे कापता येतं?"

"येता."

"मग काप सगळीकडून. दाजींचा सूर विरायला नको आणि मध्येच तुझा चहा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की कापू?"

"काप."

"तीच चाय पिऊन वाजवलास ओ तुमी इतकी वर्सां."

"मंदे, भजन आहे ते. काप म्हटलं ना."

परत एकदा विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. आठ दिवस बसून एकेका ठिकाणी तिने स्वतःला कापून काढलं. एक आवाज ठेवला नाही. काम चोख होतं तिचं. आणि मी शहाण्याने त्या कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. म्हटलं, आता सगळं डब्यात आलंय, फळी मोकळी होईल.

गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखायला लागलं. परळच्या हॉस्पिटलात तीन दिवस होती. तिच्या उशाशी ते हिरव्या रेषांचं यंत्र. तिसऱ्या दिवशी सकाळी सुई टोचलेला हात तिने हळूच वर नेला आणि उलटा करून त्या यंत्राला लावला. नर्स म्हणाली, "आजी, हात खाली." मंदा म्हणाली, "बाय, तापलाय गं हा. भिंतीपासून जरा पुढे ओढ, हवा लागू दे." त्या पोरीने ओढलं पण. मग मंदा मला म्हणाली, "आंघोळीक जातास? जावा. मेन बंद करू नका."

मी आंघोळ करून परत आलो तोवर ती गेली होती.

चाळीत कुणी गेलं की तेरा दिवस गाणंबजावणं बंद. डबा बंद राहिला. दिवस करायला मी गावी गेलो. निघताना दाराला कुलूप लावलं आणि त्याच्या आधी मेन बंद केली. कागद डोळ्यांसमोर होता. तिची अक्षरं होती. हाताने सवयीने खाली ओढली.

परत आलो, मेन लावली, तर डबा नुसता लुकलुकत राहिला. फोनवर काही येईना. उलटा हात लावून बघितला, मला काय कळणार? गावडेवहिनी दारात आल्या. "भाऊ, डबा कधी लावणार?" मी म्हटलं, "बंद पडलाय." म्हणाल्या, "दुकानात दाखवा." मी म्हटलं, "दुकानवाला आतलं सगळं पुसून देईल. नको." असे तीन महिने गेले.

त्या तीन महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की मला तिचा आवाज आठवत नाही. काय बोलायची ते आठवतं, शब्द सगळे आठवतात. पण आवाज येत नाही. फोटो आहेत, भिंतीवर हार घातलेला आहे. भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ती जिलबी वाढताना दिसते, तोंड हलतं, आणि वर बँड वाजतो. सगळ्या कॅसेटींच्या शेवटी ती होती. मी तिला कापायला लावलं. हे मी वहिनींना सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. त्या म्हणाल्या, "ती वही बघितलीत का तिची?" मी म्हटलं, इंग्रजी ठिपके बघून मी काय करू. म्हणाल्या, "शेवटची पानं बघा. ती मला म्हणाली होती, ह्यांच्यासाठी मराठीत लिहिलंय."

वही काढली. शेवटच्या पानांवर लिहिलं होतं. लिहिताना ती शाळेतल्यासारखं लिहायची, मालवणी नाही.

"तुम्ही मेन बंद करणारच. केली असेल तर पेनड्राइव्ह आधी काढा. डब्याची पिन काढा, शंभर मोजा. पिन लावा. दिवा लुकलुकेल, हात लावू नका. भात शिजताना झाकण उघडता तसं करू नका. दिवा थांबला की मगच पेनड्राइव्ह लावा. परत शंभर मोजा. घाई करू नका. बिघडलं तर रागावू नका, पुन्हा पहिल्यापासून करा."

एक एक ओळ बोटाने वाचत केलं. दोनदा चुकलो. शंभर मोजताना सत्तरला आलो की डोळे भरायचे आणि आकडा विसरायचो. तिसऱ्यांदा दिवा थांबला. पेनड्राइव्ह लावला, परत शंभर मोजले. फोनवर यादी आली.

वहीत पण यादी होती. एकेका आकड्यापुढे दाजींनी त्या दिवशी काय म्हटलं ते. पण सगळ्यात वर, "१. खराब. राहू दे." आणि खाली परत, "१. नवीन." मी विचार करत बसलो. खराब होतं तर राहू दे कशाला? चोख बाई ती, खराब भाजीची काडी ठेवायची नाही.

त्यावर बोट ठेवलं.

आधी नुसती खरखर. मग लांबून दाजी. वायर नसताना फोनसमोर भरलेली ती पहिली कॅसेट. कुकरची शिट्टी झाली. आणि एकदम मोठ्याने माझाच आवाज, "मंदे, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"शू."

तीच. अगदी जवळून. बांगड्या वाजल्या.

"मंदे, चष्मा."

"डोक्यार आसा तुमच्या. गप ऱ्हवा ओ, टेप चालू आसा."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. पूर्ण कॅसेट तशीच आहे. दाजी गातायत, माझा मृदंग वाजतोय, आणि फोनजवळ मंदा भाजी चिरतेय. विळीचा आवाज ओळखू येतो. शेवटी भैरवी आली. दाजींनी सूर धरला, सोडला, आणि मागून तरुण मंदाची हाक. "घेवा रे चाय, निवतली." ही कापलेली नव्हती. त्यावर फोनच्या जवळ बसलेली म्हातारी मंदा हसली. बारीकशी हसली आणि स्वतःशीच म्हणाली, "निवली असतली आता."

मग बटणाचा टक आवाज, आणि संपलं.

मी परत लावलं. एवढ्यात गावडेवहिनी धावत दारात आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांच्या पण फोनवर लागलं असणार. "अहो भाऊ," त्या म्हणाल्या, "ही तर आपली..."

मी तोंडावर बोट ठेवलं.

"शू," म्हटलं. "गप ऱ्हवा. टेप चालू आसा."

त्या उंबऱ्यावर बसल्या. चष्मा कुठे म्हणून डब्यातला मी विचारत होतो, आणि ती सांगत होती.