चढावरची शिट्टी

किस्से गोळा करायला मी वेगळं काही करत नाही. सलीमभाईंच्या गॅरेजातल्या बाकावर बसते, श्वास घेते, आणि एअर फिल्टरमध्ये रुई साचावी तसे ते आपोआप साचतात. फिल्टर निदान झटकता येतो. हे कुठे झटकायचे? म्हणून लिहून काढते आहे.

आधी गाडीबद्दल सांगते. माझी मुलगी मैत्री दोन वर्षांची, आणि कापसाच्या हंगामात तिची छाती वाजते. आमच्या दिग्रसच्या डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य, "वाढलं तर सरळ यवतमाळला न्या." मैत्रीचे बाबा झरी जामणीला शाळेवर, घरी येतात शनिवारी. एसटीची वाट बघत पोरगी धापा टाकणार, या कल्पनेनं माझी झोप उडाली, म्हणून मी ड्रायव्हिंग शिकले. मग एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची टर्बो पेट्रोल गाडी घेतली. शेठनं ती कापसाच्या तेजीत घेतली होती. बोंडअळी आली, मंदी आली, आणि गाडी आमच्या दारात आली.

पहिल्याच फेरीला, यवतमाळच्या अलीकडच्या चढावर, बोनेटमधून बारीक शिट्टी ऐकू आली आणि गाडीतला जीवच गेला. मागून कापसाचा ट्रक आला आणि आम्हाला ओव्हरटेक करून गेला. भरलेला ट्रक!

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुले मैत्रीची छाती ऐकू ऐकू सवय झाली. आता कुकर वाजला तरी तू डॉक्टरकडे नेशील."

मला त्याचं पटलं, हेच वाईट. मला माझ्याविरुद्ध कोणीही काहीही पटवू शकतं.

* * *

तरी गाडी सलीमभाईंकडे नेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं गॅरेज. पन्नाशीचा माणूस, हात असे की पाना न घेता नट सैल व्हावा. दिग्रसमध्ये गाडीला काहीही झालं तरी कारण एकच. भाईंनी बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "रुई हाय, ताई."

फिल्टर झटकला. गाडी चढाला पुन्हा दमली. मी परत गेले.

"रुई हाय."

फिल्टर नवा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "भाई, सध्या कापूसच येत नाही. जिनिंग आठ दिवसांपासून बंद आहे. रुई येईल कुठून?"

भाईंनी बंद जिनिंगच्या दिशेनं बघितलं. बराच विचार केला.

"मंग मागच्या सालची असंन."

* * *

मी जे ऐकते ते खरं आहे की नाही, अशी मला नेहमीच शंका. म्हणून मी वही ठेवते. मुळात ती मैत्रीच्या डॉक्टरांसाठी होती. किती श्वास, कधी खोकला, काय खाल्लं. मग त्याच वहीत गाडी आली. डावं पान मैत्रीचं, उजवं गाडीचं.

भाईंनी विचारलं, "शिट्टी कवा कवा वाजते?" मी लगबगीनं वही दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "'पहाटे शिट्टी. वाफ दिली. दोन घास पेज घेतली.'" मान वर केली. "ताई, गाडीले पेज कोनं चारली?"

"भाई, ते डावं पान!"

ते उजव्या पानावर आले. "'चढावर शिट्टी. दुसरा गिअर टाकला. रडू आलं.'" चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे गाडीले आलं?"

"मला."

त्यांनी वही बंद करून अगदी गंभीरपणे परत दिली. "तुमच्यासाठी तिसरं पान करा."

* * *

वही वाचल्यावर मात्र त्यांनी रुईचं नाव काढलं नाही. म्हणाले, "टर्बो हवा दाबून इंजिनात भरते. कुठून तरी ते निसटून राह्यली. शोधू."

शोधायची पद्धत अशी की कम्प्रेसरनं पाइपांत हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी मारायचं. जिथे फुगा येईल तिथे गळती. मैत्री माझ्या कडेवर होती. "फुगा" शब्द ऐकून ती टाळ्या पिटायला लागली.

भाईंनी सगळ्या पाइपांना न्हाऊ घातलं. एकही फुगा नाही!

"गाडी पास!" भाई म्हणाले.

मैत्रीनं भोकाड पसरलं. रडली की तिला खोकला लागतो, खोकला लागला की छाती वाजते, आणि छाती वाजली की मी रडते. हे सगळं भाईंना वहीतून माहीत होतं. त्यांनी घाईघाईनं एक मोठा वॉशर साबणात बुडवला आणि फुंकर मारली. मोठे, रंगीत फुगे निघाले. मैत्री हसली. मग दुसरा वॉशर, मग तिसरा. बाहेर एक ट्रॅक्टरवाला येऊन उभा राहिला.

"भाई, काय करून राह्यले?"

"टर्बोचं काम," भाई फुंकर मारत म्हणाले.

* * *

गळती बाहेर नाही म्हणजे आत आहे, हे दुसऱ्या दिवशी भाईंच्या लक्षात आलं. नागपूरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीनं फोनवर सांगितलं, "डायव्हर्टर व्हॉल्व्ह पाहा." पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की टर्बोतली जास्तीची हवा हा व्हॉल्व्ह मागे वळवतो. त्याच्यातला पडदा फाटला की तो ती सारखीच मागे वळवत बसतो, आणि इंजिन उपाशी राहतं. सगळं कळलं. फक्त तो असतो कुठे, ते मिस्त्रीनं सांगितलं नाही.

भाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. कुठला तरी गोरा माणूस, आमच्यासारखीच गाडी, दहा मिनिटांत व्हॉल्व्ह हातात! भाईंनी दोन दिवस शोधला. सापडेना.

तिसऱ्या दिवशी मी जाऊन बघते तर व्हिडिओतला माणूस इंजिनाच्या एका बाजूला आणि भाई दुसऱ्याच बाजूला.

"भाई, तो तर इकडे दाखवतोय."

"ताई, तिकडं स्टिअरिंग डावीकडं असते," भाई मला समजावत म्हणाले. "आपल्याकडं उजवीकडं. म्हणून मी सारं उलटं धरून चाललो."

मला गाड्यांतलं काही कळत नाही. मी चुकीची असणार, याची खात्रीच होती. तरी तोंडातून निघून गेलं, "भाई, माणूस डावखुरा असला तरी काळीज डावीकडेच असतं ना?"

भाईंनी पाना खाली ठेवला. चालत गाडीला वळसा घातला. खाली वाकले.

आतून आवाज आला, "सापडला."

* * *

सापडला, पण टर्बोच्या पोटाखाली. व्हॉल्व्ह चहाच्या कपाएवढा आणि तीन बोल्टांवर बसलेला. दोन बोल्ट भाईंनी काढले. तिसरा पाइपांच्या मागे, दिसतही नव्हता. भाईंचा हात मनगटाशीच अडकायचा. त्यांनी तेल लावून बघितलं, डावा हात घालून बघितला, अल्लाचं नाव घेऊन बघितलं. मग गॅरेजभर नजर फिरवली आणि ती येऊन माझ्या हातांवर थांबली.

"बांगड्या काढा, ताई."

खांद्यापर्यंत हात आत गेला. काही दिसत नव्हतं. भाई बाहेरून सांगत होते, "खाली... आनखी खाली... आता अंगठ्याजवळ." मी डोळे मिटले. मैत्री झोपली की अंधारात तिच्या फ्रॉकची बटणं मी अशीच सोडवते. भाईंनी हातात दिलेली वाकडी एल-की बोल्टात बसली आणि बोल्ट फिरला!

व्हॉल्व्ह बाहेर आला. आतला रबरी पडदा एका बाजूनं फाटलेला. म्हणजे शिट्टी खरी होती. मला वहम नव्हता! तिथल्या तिथे नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं. पन कुकरचं काय?"

नवा पार्ट नागपूरहून एसटीच्या पार्सलनं आला. सासूबाईंनी डबी उघडून बघितली आणि नाक मुरडलं. "एवढ्याशा वस्तूनं सारं घर हलवून सोडलं?" मग मांडीवरच्या मैत्रीकडे बघितलं आणि डबी हळूच बंद केली.

* * *

नवा व्हॉल्व्ह बसवायचा दिवस. जिनिंग नेमकं त्याच आठवड्यात थोडं सुरू झालं होतं. हवेत रुई होती, आणि मैत्री सकाळपासून खोकत होती. मी तिला सासूबाईंकडे ठेवून दुपारी गॅरेजात गेले, कारण तिसरा बोल्ट माझ्या हातचा होता.

भाईंनी व्हॉल्व्ह जागेवर धरला, दोन बोल्ट आवळले. मी बांगड्या काढत होते तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"पोरी, मैत्रीची छाती लई वाजून राह्यली. ओठ बी कसेतरीच दिसून राह्यले. लवकर ये."

मी धावत सुटले. घरी श्वास मोजले. अठ्ठावन्न. पुन्हा मोजले. साठ. एसटीला अजून पाऊण तास होता. बॅग भरून, तिला उचलून दारात आले तर गाडी दारात उभी. बोनेट बंद, इंजिन चालू. भाई उतरून शेजारच्या सीटवर बसले.

"भाई, तिन्ही बोल्ट?"

"बसले, बसले."

"तुमचा हात गेला?"

"गेला. चला, ताई. मले बी यवतमाळले काम हाय."

सासूबाई मागे मैत्रीला उभं धरून बसल्या. मी गाडी काढली. काचा बंद, आणि आत फक्त तिच्या छातीचा आवाज. मी दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आई, ओठ बघा." आणि दर तीन मिनिटांनी, "भाई, पक्कं आहे ना?"

"पक्कं," भाई म्हणायचे. एरवी माझ्या शेजारी बसलेला कोणीही माणूस सूचना देतो. भाई एक शब्दही जास्त बोलले नाहीत. समोर बघत, उजवा हात खिशात घट्ट खुपसून बसले होते. मला वाटलं, बाई गाडी चालवते म्हणून घाबरले असतील.

तो चढ आला. मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि कान टवकारले. शिट्टी नाही. गाडी चढत होती. कापसाचा एक ट्रक पुढे होता, तो मागे पडला. मागून सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, पोरी, जाऊ दे!" भाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

दवाखान्यात मैत्रीला लगेच मशीनची वाफ लावली. एकदा, मग दुसऱ्यांदा. संध्याकाळच्या आत श्वास चाळीसवर आले. ओठ गुलाबी झाले, आणि ती सासूबाईंच्या मांडीवर झोपली. मी तिच्या छातीवर हात ठेवून चारदा श्वास मोजून मगच खाली उतरले.

भाई पार्किंगमध्येच होते. बोनेट उघडून इंजिन थंड करत बसलेले.

"भाई, झोपली. चाळीस."

"शुकर हाय," म्हणाले आणि डोळे पुसले.

मला एकदम आठवलं. "तुमचं यवतमाळचं काम झालं का?"

"आता होईन."

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि मूठ उघडली. तळहातावर एक नवाकोरा बोल्ट होता, घामानं ओला.

"बांगड्या काढा, ताई."