मुळ्ये सरांकडची ठेव

दुसऱ्याची वस्तू राखणे हे स्वतःची वस्तू राखण्याहून अवघड आहे, हे आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने ओळखले होते. ठेवीचेही त्यांनी प्रकार केले. दाखवून, सांगून जी हाती दिली तो निक्षेप. आणि गाठोड्यात बांधून, आत काय आहे हे न सांगता जी स्वाधीन केली तो उपनिधी. निक्षेपाला दक्षता पुरते. उपनिधीला मनाचा निग्रह लागतो, कारण गाठ सोडून पाहण्याचा मोह रोज समोर असतो. दैवाने नेलेल्या ठेवीचा दोष राखणाऱ्यावर नाही, पण त्याच्या प्रमादाने गेलेली ठेव त्याने भरून दिली पाहिजे, असाही दंडक सांगितला गेला. जी भरून देताच येत नाही अशा ठेवीचे काय करावे, हे मात्र श्रीकांत मुळ्ये यांना कुठल्याच ग्रंथात सापडले नाही. आणि त्यांनी ते शोधले होते.

मुळ्ये सर मूळचे राजापूरकडचे. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या सरकारी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. सडे, एकटे गृहस्थ. निवृत्तीनंतर कोकणात परतायचे सोडून ते नरोलीत, सुताच्या कारखान्यामागच्या एका चाळीत राहायला गेले. तिथे धुळे-नंदुरबारकडून आलेली कामगारांची कुटुंबे भाड्याने राहत. काम असेपर्यंत राहायचे, काम सुटले की बिऱ्हाड टेम्पोत टाकून निघायचे. निघालेल्या बिऱ्हाडाची आठवण दुसऱ्या दिवशी नवा भाडेकरू भिंतीला चुना लावून पुसून टाकी. सरांना हे सोसवेना. एखादे कुटुंब इथे आठ वर्षे जगले, त्याची लेकरे इथे चालायला शिकली, आणि त्याची काहीच खूण राहू नये, हे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे.

म्हणून त्यांनी एक रीत पाडली. नवे कुटुंब आले की खोलीच्या दारात उभे करून त्याचा एक फोटो. जायला निघाले की त्याच दारात दुसरा. मधल्या बारशांचे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यांचे, दारातल्या कानबाईच्या पूजेचे फोटो वेगळेच. काही वर्षांत ही संपत्ती हजारोंच्या घरात गेली. फोन भरला तेव्हा सरांनी इंटरनेटवरच्या साठवणीत दरसाल पैसे भरून जागा घेतली आणि सगळे फोटो तिथे चढवले. चढवून झाल्यावर फोनने विचारले, इथली जागा मोकळी करू का? सरांनी होकार दिला. फोन रिता झाला, तरी फोटो दिसतच राहिले. फोनमध्ये, टॅबवर, घरच्या जुन्या संगणकावरही. सरांना तो चमत्कार वाटला. वर कुठेतरी अक्षय्य कोठार आहे आणि आपल्या हातातली यंत्रे म्हणजे त्याची नुसती दारे, अशी त्यांची समजूत झाली. तीच ते सर्वांना सांगू लागले.

"फोनातून काढलं तरी वर राहतं. निर्धास्त असा."

चाळीतल्या लोकांचे फोन बहुधा जुन्या बाजारातले. ते सुरू करताना ईमेलचे खाते मागत. खाते कोणाकडे नसे. सरांनी उदारपणे आपलेच खाते ज्याच्या त्याच्या फोनात घालून दिले. गावी गेलेल्या माणसालाही चाळीतला फोटो दिसावा, हा हेतू. एका घराची एक किल्ली सगळ्यांच्या करगोट्याला बांधावी, तसे ते झाले.

नाकारणारा एकच निघाला, पप्पू. चाळीत खाणावळ चालवणाऱ्या चिमाबाईंचा हा मुलगा सुताच्या कारखान्यात सूत गुंडाळलेल्या बॉबिनच्या गाड्या ढकलीत असे.

"सर, तुमच्या खात्यात सगळ्यांना सगळं दिसतं," तो म्हणाला. "माझं वेगळं बरं."

"का रे? असं काय लपवायचं आहे?"

"लपवायचं काय नाही. पण उषाकाकूला दिसलं तर नंदुरबारपर्यंत जातं."

समोरच्या खोलीतल्या उषाबाईंनी तिथूनच उत्तर दिले, "तुझ्या तोंडाचा फोटो नंदुरबारला कोणी बघत पण नाही रे."

असा हा पप्पू एका संध्याकाळी अथालच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेला. वडील आबा आधीच गेले होते. आता चिमाबाई एकट्या उरल्या. तेराव्यानंतर त्या सरांच्या दारात आल्या. हातात आबांच्या जुन्या उपरण्याच्या तुकड्यात बांधलेली एक लहानशी पुरचुंडी होती.

"पप्पूचा फोन शे. बंद करेल शे," त्या आपल्या अहिराणी वळणाने म्हणाल्या. "माझ्याजवळ राहिला तर हात जाईल, आणि उघडला तर मी राहणार नाही. तुम्ही ठेवा."

सरांनी ती पुरचुंडी देवघराच्या फळीवर ठेवली. गाठीला त्यांनी कधी बोट लावले नाही. विद्यार्थ्यांना उपनिधी हा शब्द समजावून सांगताना त्यांच्या आवाजाला जी धार येई, तीच धार आता त्यांच्या आचरणाला होती.

तेव्हापासून चिमाबाईंचा एक नेम सुरू झाला. सकाळी सरांचा डबा घेऊन त्या येत, डबा ठेवीत आणि म्हणत, "सर, जरा पप्पूला काढा ना." सर टॅबवर एक फोटो उघडून देत. चाळीत आल्या दिवशीचा तो फोटो: दारात आबा, चिमाबाई, आणि मध्ये मिसरूड न फुटलेला, उन्हाने एक डोळा मिटलेला पप्पू. मुलाचे तेवढे एकच धड रूप आईजवळ होते. आधार कार्डावरही फोटो होता. पण तो कोणाचा, हे आईलाही नाव वाचूनच कळे. चिमाबाई क्षणभर पाहत, पदराने टॅबची काच पुसत आणि भाकऱ्या थापायला जात. देवदर्शनाला याहून अधिक वेळ लागत नाही.

आखाजी सरून लोक गावांहून परतले, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. चिमाबाईंनी डबा ठेवला. सरांनी टॅब उघडला. पडद्यावर काहीच नव्हते. फोटो दिसायचे त्या जागी पांढरे शून्य, आणि मधोमध एक कोरडे वाक्य, की इथे अजून काही ठेवलेले नाही.

सरांनी टॅब बंद करून पुन्हा उघडला. मग फोन पाहिला. मग चष्मा पुसून संगणक लावला. तिन्ही दारांतून तेच रिकामे कोठार दिसले. मनात काही विचार येण्याऐवजी विचार येण्याची जागाच कोणी उचलून नेल्यासारखे वाटले.

"मना पप्पू कोठे शे, सर?" चिमाबाईंनी विचारले.

सरांनी टॅब बंद करून खाली ठेवला. चिमाबाईंनी काळ्या पडलेल्या टॅबची काच पदराने पुसली आणि त्या निघून गेल्या.

दुपारपर्यंत चाळभर बोभाटा झाला. ज्याच्या-त्याच्या फोनातून फोटो गेले होते. अखेर चाळीतलाच लखन पुढे आला. कारखान्यात झाडलोट आणि यंत्रांची साफसफाई हे त्याचे काम. कामाला चोख माणूस.

"सर, मोबाईल हँग मारत होता," तो म्हणाला. "आखाजीचे व्हिडिओ मावत नव्हते. आत बघतो तर सगळ्या चाळीचे फोटो माझ्याच मोबाईलमध्ये. म्हटलं, याच्यामुळेच भरला. तुम्हीच बोलले होते ना, इथून काढलं तरी वर राहतं. मग सगळे सिलेक्ट मारून काढले."

"सगळे?"

"सगळे. तरी जागा होईना. खाली कचऱ्याचा डबा दाखवत होता, तो पण खाली केला. आम्हाला तशीच सवय आहे, सर. झाडू मारला आणि डबा भरलेला ठेवला तर सुपरवायझर पगार कापतो."

या बोलण्यात लबाडीचा लेशही नव्हता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो हात आपलाच आहे की नाही, याची त्यांना शंका आली.

संध्याकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी तेजस्विनी आली. ती आता त्याच शाळेत संगणक शिकवत होती. तिने सर्व तपासले, कंपनीला विनंती पाठवली, दोन दिवस वाट पाहिली. उत्तर नम्र होते आणि नकाराचे होते. डबा रिकामा केला नसता तर दोन महिने अवधी होता.

"पण मी फक्त फोनातून काढले होते, तेव्हा राहिले होते," सर म्हणाले.

"सर, तुम्ही तेव्हा जागा मोकळी केली होती, वरची प्रत राखून फोनातली काढली होती. लखनने फोटोच पुसले. आणि सगळ्यांच्या फोनात खातं एकच. म्हणजे फोटोही एकच होता, दिसत होता पन्नास ठिकाणी. तुम्हीच शिकवलं होतं ना, पाण्याने भरलेले पुष्कळ घट आणि प्रत्येकात चंद्र."

सरांनी मान वर केली. तो दृष्टान्त त्यांनी मुलांच्या किती तुकड्यांना सांगितला होता. चंद्र एक, प्रतिबिंबे अनेक. घट फुटला तरी चंद्राला काही होत नाही. इथवर सांगून ते नेहमी थांबत. चंद्रच मावळला तर घटांत काय उरेल, हा पुढचा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. इतकी वर्षे तोंडपाठ असलेली गोष्ट आपल्याला कळलेलीच नव्हती, या जाणिवेने त्यांना दुसरा आघात झाला. आणि तो पहिल्याहून खोल होता.

दुसऱ्या दिवशी ते खोलीखोलीत गेले. प्रत्येक दारात उभे राहून एकच सांगत, "माझ्याकडून तुमची ठेव गेली." कोणी म्हणाले, आमच्या सोनमचं बारसं होतं हो त्यात. उषाबाई म्हणाल्या, "सर, फोटो गेले. आम्ही तर इथंच आहोत ना? उद्या पुन्हा उभं करा दारात. या खेपेला पावडर लावून येते." सरांना हसू आले नाही, पण त्यांना बसायला पाट मिळाला, चहा मिळाला.

एका दारात मात्र त्यांना पाऊल टाकवेना. गेलेला माणूस दारात पुन्हा उभा करता येत नाही.

घरी येऊन ते देवघरासमोर बसले, आणि फळीवरची पुरचुंडी त्यांना जणू प्रथमच दिसली. चाळीत एकाच फोनात आपले खाते नव्हते. लखनचा हात तिथवर पोहोचलेला नाही. त्यांचा हात गाठीकडे गेला आणि मध्येच थांबला. आत पप्पूचा चेहरा असेलही, नसेलही. आधी स्वतः पाहून, असेल तरच आईला सांगावे, ही दयेची वाट होती. पण ती वाट विश्वासघातावरून जात होती. गाठ त्यांची नव्हती.

त्यांनी तेजस्विनीला बोलावले आणि पुरचुंडी जशीच्या तशी घेऊन ते खाणावळीत गेले.

"चिमाबाई, तुमची एक ठेव मी घालवली," ते म्हणाले. "ही दुसरी परत घ्या. हिच्यात तो असेल असं मला वाटतं. पण मी पाहिलेलं नाही. उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

चिमाबाईंचे हात पिठाचे होते. त्यांनी गाठीकडे पाहिले, मग सरांकडे.

"इतके दिवसात एकदा पण नाही पाहिलं?"

"नाही."

त्यांनी हात धुतले, आणि गाठ स्वतः सोडली. तेजस्विनीने फोन चार्जरला लावला. बराच वेळ काही झाले नाही. मग काच उजळली. कुलूप नव्हते, आईला उघडता यावा म्हणून पप्पूने ते ठेवलेच नव्हते.

पहिला फोटो चिमाबाईंचा होता. चुलीपुढे वाकलेल्या, पाठमोऱ्या. दुसराही त्यांचाच, भांडी घासताना. तिसरा, झोपलेल्या असताना, तोंडावर पदर. तेजस्विनीचे बोट सरकत राहिले, आणि दर खेपेला चिमाबाईच येत होत्या. त्या भिंतीला टेकल्या. मुलाला पाहायला निघालेल्या आईला मुलाच्या डोळ्यांनी स्वतःलाच पाहावे लागत होते.

"हा माझेच फोटो काढत होता," त्या फार हळू म्हणाल्या. "मला कधी सांगितलं नाही. मी ओरडायची, फोनात काय घालतो रे डोकं."

मग पप्पू आला. वासोण्याच्या सिंहांच्या उद्यानात, जाळीच्या गाडीपुढे, मित्रांच्या गळ्यात हात टाकून, दात काढून हसणारा, मिसरूड फुटलेला. टॅबवरच्या त्या पोरापेक्षा किती वर्षांनी मोठा. चिमाबाईंनी काचेवर हात ठेवला. तो या वेळी पुसण्यासाठी नव्हता. तव्यावरची भाकरी जळली.

त्या फोटोंच्या प्रती तेजस्विनीने त्याच दिवशी काढल्या: एक मेमरी कार्डावर, एक शाळेतल्या संगणकावर, आणि निवडक कागदावर. नंतर सर प्रत्येक फोनात ज्याचे त्याचे खाते तिच्याकडून उघडवून घेत राहिले, आणि दारात उभ्या केलेल्या प्रत्येक कुटुंबाला कागदावरची एक प्रत हातात देऊ लागले. जुने हजारो फोटो परत आले नाहीत. पुढच्या भाद्रपदात, थोड्याशा आजारात, मुळ्ये सर गेले.

त्यांच्या फोटोला हार घालायचा म्हणून चाळीने शोधाशोध केली, तेव्हा लक्षात आले की सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा फोटो कोणीच काढला नव्हता. पप्पूच्या फोनात तेवढा एक निघाला. तो खाणावळीच्या भिंतीवर, पप्पूशेजारी लावला आहे. त्यात सर पाठमोरे आहेत. हात वर करून, कोणातरी कुटुंबाला दारात नीट उभे राहायला सांगत आहेत.