गोठ्यातले डास, टाकीतले डास

त्या उन्हाळ्यात बुरोंडीजवळच्या एका वाडीत मलेरियाचे रुग्ण वाढले आणि सगळ्यांनी एका गोठ्याकडे बोट दाखवलं. गोठा एका एकट्या राहणाऱ्या काकींचा. दोन म्हशींच्या दुधावर त्यांचं घर चालायचं. मी तेव्हा रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात डासांवर संशोधन करत होते. नमुने गोळा करायला गेले, तेव्हा काकी म्हणाल्या, "बाय, गोठा काढ म्हणतायत. म्हशी काय माळ्यावर बांधू?"

शेजारचे अण्णा दगडी गडग्यापलीकडून बोलले, "गोठ्यात डास आहेत ते दिसतंय. मग तपासायचं काय?" त्यांच्या नातीचा ताप नुकताच उतरला होता. त्यांचा राग मला समजत होता.

डास गोठ्यात होते, तसे घरांतही होते. ते एकाच जातीचे आहेत का, हे मला बघायचं होतं. काही जाती बहुतेक गुरांनाच चावतात, तर काही माणसांना चावून मलेरिया पसरवतात. एरवी पंखांवरच्या ठिपक्यांवरून जात कळते. पण सापळ्याच्या पंख्यात अडकून माझ्या डासांचे पंख फाटले होते, ठिपके पुसले गेले होते. डीएनए तपासण्यावाचून इलाज नव्हता.

"इथे जमायचं नाही," माझे सर म्हणाले. "पुण्याला पाठव. काही महिन्यांत निकाल येईल."

"तोवर गोठा जाईल, सर. मी इथेच करते."

डास चेचून डीएनए वेगळा काढायचा, यंत्रात त्याच्या असंख्य प्रती करायच्या आणि जेलच्या पातळ थरावर उमटलेली पट्टी ओळखीच्या जातींच्या पट्ट्यांशी ताडून बघायची, एवढंच काम. पहिल्यांदा मध्येच वीज गेली. दुसऱ्यांदा माझ्या नमुन्यांच्या जागी जेल कोराच राहिला. दमट हवेत नमुने खराब झाले होते. रडू आलं, पण दुसऱ्या दिवशी एसटीने पुन्हा वाडी गाठली. या वेळी पकडलेले डास जागेवरच ओलावा शोषणारे खडे घातलेल्या बाटल्यांत ठेवले.

तिसऱ्यांदा पट्ट्या आल्या. गोठ्यातल्या डासांची एका जागी, घरातल्यांची दुसऱ्या. खात्रीसाठी सगळं परत करून पाहिलं. निकाल तोच आला. गोठ्यातले डास गुरांना चावणाऱ्या जातीचे होते. घरातली जात मलेरिया पसरवणारी होती, आणि ती साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढते.

पाणीटंचाईमुळे वाडीत दारोदारी सिमेंटच्या टाक्या होत्या. आरोग्यसेविकेला सोबत घेऊन मी निकाल सांगत घरोघर फिरले. अण्णांच्या टाकीत बॅटरीचा उजेड पाडला, तर पाण्याच्या पृष्ठभागालगत अळ्या आडव्या तरंगत होत्या.

अण्णांनी टाकीवर वाकून पाहिलं. "हे पाणी तर आम्ही गाळून पितो," ते म्हणाले.

"प्यायला चांगलं आहे. पण टाकी उघडी आहे."

त्यांनी त्याच दुपारी टाकी उपसली, घासली आणि तोंडावर जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं. इतरांनीही तेच केलं. एक-दोन घरं टाळत राहिली, तिथे आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. पाऊस सुरू होईपर्यंत वाडीत नवे रुग्ण सापडणं थांबलं होतं.

गोठ्याचा विषय परत कुणी काढला नाही. अण्णांची माणसं आता काकींकडूनच दूध नेतात.