थांब्यांची जादू

माझं अडखळणं पहिल्यांदा कुणाला तरी कामाचं वाटलं, ते मी अकरावीत असताना. तोवर ती घरादाराची अडचण होती. आमचा झेंडू-शेवंतीचा मळा नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या अंगाला. घरातली सगळी माणसं मोठ्यानं आणि भरभर बोलणारी. फुलबाजारात उभं राहायचं तर भाव ओरडून सांगता आला पाहिजे. माझा शब्द तोंडाशी यायचा आणि तिथंच अडायचा. गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे निघून जायचं. मग आई म्हणायची, "तू नको बोलू, तू फुलं मोजून दे."

कॉलेजात हजेरीच्या वेळी मी नुसता हात वर करायचे. एके दिवशी नव्या मॅडमनी ते चालवून घेतलं नाही. "तोंडानं बोल," म्हणाल्या. मी 'हजर'मधल्या 'ह'वर अडकले. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी माझ्या वतीनं "हजर" म्हणून टाकलं, आणि मॅडम पुढच्या नंबरावर गेल्या. माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी मात्र हसली नाही, मदतीलाही धावली नाही. ती माझ्याकडे बघत थांबली होती. शेवटी माझ्या तोंडून "हजर" निघालं, तेव्हा तिनं मान डोलावली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

तिचे वडील लष्करात होते. देवळाली कॅम्पला बदली होऊन आल्याला त्यांना थोडेच दिवस झाले होते. वहीत ती एका देशाचा नकाशा काढत होती. तसा देश कुठंच नव्हता. तास संपल्यावर तिनं वही माझ्याकडे सरकवली.

"ही नदी आहे," ती म्हणाली. "पण हिच्या काठी कोण राहतं ते अजून ठरलेलं नाही. तू ठरवतेस?"

तिथून पुढं दोन वर्षं आम्ही तो देश वसवला. प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर दुपारी सावली असायची. तिथं डबे उघडायचे आणि माणसांच्या जाती घडवायच्या. तिचे नियम कडक होते. कुणालाही फुकट जादू द्यायची नाही. जादूच्या बदल्यात काहीतरी गेलंच पाहिजे, आणि जे जाईल ते परत मिळता कामा नये. मी उत्साहानं एखाद्याला उडायला लावलं की ती विचारायची, "आणि त्याचं काय गेलं?"

तिनं घडवलेली पहिली जात म्हणजे बिऱ्हाडी. ही माणसं घर पाठीवर घेऊन फिरत. एक गाव सोडलं की त्यांना एक नवी शक्ती मिळे, पण त्या गावाची भाषा ती कायमची विसरत. मला कल्पना फार आवडली. सुचली कुठून, म्हणून विचारलं, तर ती बराच वेळ डब्यातली पोळी चुरत बसली. मग म्हणाली, "आसामात होतो तेव्हा मला तिथली भाषा घडाघडा यायची. शेजारच्या काकूंशी मी दिवसभर बोलायचे. आता एक शब्द आठवत नाही. त्या काकू आज भेटल्या तर मी त्यांना काय सांगू?" आणि ती रडली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग माझी पाळी आली. तिनं विचारलं, "तू अडकतेस तेव्हा आत काय होतं?"

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं ते कधीपासून आणि किती वेळा एवढंच. मी सांगायचा प्रयत्न केला. शब्द हरवलेला नसतो. तो अख्खा तिथं असतो, मला दिसत असतो. तो आणि मी दोघंही थांबलेलो असतो, आणि तो सुटेपर्यंत त्याचं सगळं ओझं इथं, छातीवर असतं. हे सांगायला मला जेवणाची पूर्ण सुट्टी लागली. मधे एकदाही तिनं माझं वाक्य पूर्ण केलं नाही.

त्यातून थांबे झाले. नाव ऐकून आधी आम्ही दोघी पोट धरून हसलो, कारण एसटीचे थांबेच डोळ्यांपुढं आले. पण नाव टिकलं. थांब्यांच्या जिभेवर एखाद्या वस्तूचं नाव अडलं, की ती वस्तू जागच्या जागी थांबे. 'बाण' हा शब्द अडला की हवेतला बाण अडे. शब्द सुटला की बाणही सुटे. जो जास्त वेळ शब्द धरून ठेवी तो मोठा. बदल्यात, अडवलेल्या वस्तूचं वजन त्याच्या छातीवर येई. नदीकाठी त्यांची एक म्हातारी होती. तिनं तरुणपणी पुराच्या दिवशी नदीचं नाव जिभेवर धरलं आणि ते कधी सोडलंच नाही, म्हणून खालचं गाव कोरडं राहिलं. त्यानंतर ती जन्मात दुसरा शब्द बोलली नाही. ती म्हातारी माझी होती. ती सुचली त्या दिवशी मी घरी जाताना बसच्या कंडक्टरला "मखमलाबाद" म्हणाले. अडखळतच म्हणाले, पण मान खाली घातली नाही.

पुढं मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करायला लागले. कामात बोलावं कमी लागतं, म्हणून ते मला मानवलं. ती पुण्याला गेली. गोष्टी ऐकवणाऱ्या एका ॲपसाठी लिहायला लागली. आमचं बोलणं तुटलं नाही. मी फोनवर कुणाशीच बोलत नाही. पलीकडची माणसं शांतता ऐकून "हॅलो, हॅलो" करतात आणि फोन ठेवून देतात. पण तिला मी व्हॉइस मेसेज पाठवायचे. कितीही लांबले तरी ती शेवटपर्यंत ऐकायची.

एका पावसाळ्यात तिला पुन्हा आमच्या देशाची ओढ लागली. ती विचारायची, "म्हातारीच्या नातवाला बाण अडवायचाय. तो कसा बोलेल? म्हणून दाखव ना." मी म्हणून दाखवायचे. "घाबरला असेल तर?" मी तसंही दाखवायचे. रोज कामावरून आल्यावर मळ्याच्या बांधावर बसून मी तिला थांब्यांची वाक्यं पाठवत होते. मला वाटलं, आम्ही पुन्हा त्या पायऱ्यांवर बसलो आहोत.

त्यानंतर तिचे मेसेज कमी झाले. कामात असेल, असं मी धरून चालले.

वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे शेडमध्ये एकत्र डबे खातो. लेथवरचा एक जण रोज फोनवर काहीतरी लावून ठेवतो. त्या दिवशी त्यानं एक नवी मालिका लावली होती आणि सगळे हसत होते. मी हात धुऊन आले तेव्हा फोनमधून आवाज येत होता, "बा… बा… बा…" मग सूं करून बाण गेल्याचा आवाज, कुणीतरी धप्पकन पडल्याचा आवाज, आणि मग सावकाश, "…ण."

शेड हसण्यानं दणाणली.

मी डबा उघडला. तोवर मला काही कळलं नव्हतं. मग निवेदक म्हणाला, "थांब्यांचा आणखी एक शूर वीर कामी आला," आणि माझे हात थांबले. मालिकेतले थांबे ही हसण्यावारी न्यायची जमात होती. त्यांची जादू कधीच वेळेत होत नसे. म्हातारीसुद्धा होती. तिला भूक लागली की ती 'भाकरी' म्हणायला सुरुवात करी, आणि शब्द पुरा होईतो बाकीचे जेवून उठत.

पण माझं लक्ष त्या विनोदांकडे नव्हतं, आवाजाकडे होतं. आवाज तिचा होता. नीट कान दिल्यावर ओळखायला मला क्षणही लागला नाही. आणि अडखळणं माझं होतं. बाहेरच्या माणसाला सगळं अडखळणं सारखंच वाटतं, पण तसं नसतं. 'ब'च्या आधी मी श्वास कसा आत ओढते, दुसऱ्या 'बा'वर आवाज कसा चिरकतो, सुटल्यावर शेवटचं अक्षर कसं घाईघाईनं टाकते, ते सगळं तिच्या तोंडी जसंच्या तसं होतं.

तेवढ्यात लेथवाल्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं पटकन फोन बंद केला. "सॉरी, मॅडम," म्हणाला. सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले. ते हसत राहिले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी सगळे भाग ऐकायला बसले. ओट्यावर आई हार ओवत होती. थोडा वेळ ऐकून तिनं सुई थांबवली.

"हे कोन बोलतंय गं? तूच हायेस का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आता गं! तुझ्यावानीच बोलतीय की. मला वाटलं मोबाइलवर बोलाया लागली तू." आणि ती एवढी खुशीत हसली, की मला काही सांगता आलं नाही.

बिऱ्हाडी होते, तेही ऐकले. त्यांना तिनं बोटही लावलं नव्हतं. मालिकेची नायिका बिऱ्हाडी होती. ती जुनं गाव सोडते आणि तिथली भाषा विसरते, तो भाग तर इतका सुरेख लिहिला होता, की राग असतानाही मी तो पुन्हा लावला. म्हणजे स्वतःचं दुःख कसं जपायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझं तेवढं तिनं हसायला काढून दिलं होतं.

महिनाअखेरीला ती आईवडिलांकडे येणार होती. वडील निवृत्त होऊन देवळालीतच राहिले होते. मी रविवारी बस पकडून गेले. काकूंनी दार उघडलं, चहा ठेवला, "किती दिवसांनी आलीस गं," म्हणाल्या आणि बाजारात गेल्या. आम्ही दोघीच उरलो.

"तू ऐकलंस," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं असणार.

"ह… हो."

"मी सांगणारच होते. खरंच. आधी मी थांबे आपले होते तसेच लिहिले होते. पण वरून सांगितलं, फार गंभीर होतंय, लोक मधेच सोडून जातील. काहीतरी हलकं पाहिजे. मग कुणाला तरी हलकं करावंच लागलं."

"बि… बिऱ्हाडी?"

ती कपाची कड बोटानं पुसत राहिली. "त्यांच्यावर सगळी गोष्ट उभी आहे," ती हळूच म्हणाली.

"आ… आवाज?"

"आवाजाला दोन माणसं बोलावली होती. त्यांचं खोटं वाटत होतं. मग मी तुझे मेसेज पुन्हा पुन्हा ऐकले आणि स्वतःच केलं." तिनं वर पाहिलं. "तुझ्याइतकं खरं कुणालाच जमत नव्हतं गं."

ती हे कौतुक म्हणून बोलत होती. तिच्या डोळ्यांत तसंच होतं, आणि मला तेच सहन झालं नाही. बाकी जगाचं अडखळणं ऐकून तिनं माझं निवडलं होतं, त्याचा मला अभिमान वाटावा अशी तिची अपेक्षा होती. मला एवढंच म्हणायचं होतं की परत दे. मी 'प'वर अडकले. ओठ मिटले ते उघडेनात. आणि ती, जी एवढ्या वर्षांत कधी मधे बोलली नाही, ती घाईनं म्हणाली, "परत नाही करणार. शप्पथ. परत असं कधीच नाही करणार."

मी उठले. चहा तसाच राहिला. फाटकापर्यंत ती मागोमाग आली, काहीबाही बोलत होती, माझा हात धरत होती. मी हात सोडवून घेतला. कॅम्पच्या स्टँडवर बस उभी होती, तीत जाऊन बसले.

नंतर तिचा लांबलचक मेसेज आला. मालिकेचं दुसरं पर्व येणार होतं. त्यात थांब्यांना मान मिळवून देऊ, तू माझ्यासोबत लिही, तुझं नावही घालू, असं लिहिलं होतं. मी आठवडाभर तो उघडून बघत होते. कधी वाटायचं, जावं, आपली माणसं सोडवून आणावीत. पण तिच्यासोबत बसायचं म्हणजे पुन्हा बोलायचं, आणि मी बोलत असताना ती काय ऐकते आहे हे मला यापुढं कधीच कळणार नव्हतं. मी 'नको' असं टाइप करून पाठवलं. तिनं ते वाचलं.

दरम्यान शेडमध्ये एका दुपारी लेथवाल्यानं चाचरत विचारलं, "मॅडम, राग नसेल तर… तुम्हाला ती मालिका आवडत नाय का?" मी म्हणाले, थांबे माझे आहेत. मग सांगितलं: शब्द अडला की वस्तू कशी अडते, वजन कुठं येतं, म्हातारीनं नदी कशी धरली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी सांगत होते. कुणी उठलं नाही, पण मला हलकंही वाटलं नाही. ऐकवायची होती ती गोष्ट तोवर लाखो लोकांनी उलटी ऐकली होती.

दुसरं पर्व आलं. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ऐकलं. पहिल्याच दहा मिनिटांत निवेदक म्हणाला, "त्या वर्षी मोठा पूर आला आणि थांब्यांचं गाव म्हातारीसकट वाहून गेलं." तेवढंच. पुढच्या वाक्यात बिऱ्हाडी डोंगर चढायला लागले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये लेथवाला डबा बाजूला ठेवून माझ्याकडे आला. तोही ते ऐकून आला होता. "ओ मॅडम," तो म्हणाला, "पण ती तर नदी थांबवायची ना? मग बुडली कशी?"

मालिका पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला रडू आलं नव्हतं, देवळालीलाही आलं नव्हतं. त्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर, मी तोंडावर ओढणी धरून रडले. एका बाईनं माझ्या डब्यावर झाकण ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.